शटरवरची बत्तीशी

१

कुलूपवाल्याच्या दुकानाच्या शटरवर सकाळी सकाळी दात टांगलेले सापडले.

दात म्हणजे एखाददुसरा नव्हे. अख्खी कवळी, वरची आणि खालची. दोन्ही एकमेकींवर घट्ट मिटलेल्या, भोवती बारीक तार गुंडाळलेली आणि मध्ये पांढराशुभ्र कापसाचा बोळा. टांगलं होतं तेही छपराच्या पत्र्याखाली, हात उंच केला तरच पोचेल अशा जागी.

दुसऱ्या कुणाच्या दुकानावर हे सापडलं असतं तर गल्लीची चांगली करमणूक झाली असती. पण हा कुलूपवाला वर्षभर पोलिसांचा खबऱ्या होता. त्याला त्या दातांचा अर्थ कुणाला विचारायची गरज पडली नाही. तोंड मीट, नाहीतर आम्ही मिटवू. तार होती, तोंडात बोळा कोंबलेला होता, आणखी काय चिठ्ठी लिहून द्यायची? त्याने दात पिशवीत टाकले, शटर न उघडताच घर गाठलं, बायकोला म्हणाला, "सामान बांध," आणि त्याला सांभाळणाऱ्या फौजदाराला फोन केला. फौजदाराने मला केला.

मी मुख्यालयात एका बिनपाटीच्या खोलीत बसते. एखाद्या खबऱ्याचं नाव फुटलं की ते कुठून फुटलं हे शोधायचं माझं काम. समोर मला मॅडम म्हणतात, पाठीमागे प्लंबर. गळती काढते म्हणून. मला राग येत नाही. खात्यात याहून वाईट नावं आहेत, आणि त्यातली निम्मी मीच ठेवलेली आहेत.

कुलूपवाल्याला एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीत आणून बसवलं होतं. भिंतीवर 'पुढे धोका आहे'पासून 'थांबा'पर्यंत सगळ्या खुणांचे तक्ते. त्याखाली गाठोडी, गाठोड्यांवर त्याची बायको, आणि बायकोच्या मांडीवर प्रेशर कुकर. तो तिने कुणाच्याही हाती द्यायला नकार दिला होता.

कुलूपवाला साठीचा. मिशा अशा भरघोस की चार माणसांत वाटून उरतील, आणि त्या मिशांखाली नुसतं बोळकं. एक दात असेल तर शपथ. बोलताना मिशीचं टोक तोंडात जायचं. त्याचं बोलणं मी इथे दात घालून लिहिते आहे, हे लक्षात असू द्या.

"संध्याकाळी टेम्पो येईल," मी त्याला सांगितलं. "तोपर्यंत नाव कुठून फुटलं ते कळलं नाही, तर तुम्हाला दुसऱ्या गावी हलवावं लागेल. नाव दुसरं, पत्ता दुसरा."

"आणि धंदा?"

"धंदाही दुसरा. कुलूपवाला म्हणून कुणीही शोधून काढेल."

तो हातांकडे बघत राहिला. बोटांच्या पेरांत कानशीचा काळा भुगा मुरलेला होता. "मॅडम, मला दुसरं काहीच येत नाही हो," तो म्हणाला.

 असं काही ऐकलं की मी कुणावर तरी खेकसते. फौजदार दारातच उभा होता, सोयीचा.

२

"कोणाकोणाला माहीत होतं?" मी त्याला बाहेर घेऊन विचारलं.

"तिघांनाच. मी, मोठे साहेब आणि डॉक्टर."

"डॉक्टर कुठून आला यात?"

फौजदाराची छाती फुगली. ही त्याची आवडती गोष्ट होती. कुलूपवाला भंगारवाल्या शेठची चोरीची कपाटं आणि तिजोऱ्या उघडून द्यायचा आणि काय काय आलं ते फौजदाराला सांगायचा. भेटायचं कुठे, हा प्रश्न होता. चौकीत नको, हॉटेलात नको, बागेत तर नकोच. फौजदाराने शोधून काढला दातांचा दवाखाना.

"मॅडम, दाताच्या दवाखान्यात कोण कोणाकडे बघतं? जो तो आपलाच गाल धरून बसलेला. डॉक्टर माझा शाळेतला मित्र. मी आणि कुलूपवाला पेशंट. तो आत गेला की मागून मी. वर्षभर आठवड्याच्या आठवड्याला भेटतोय, कुणाला पत्ता नाही."

"आठवड्याच्या आठवड्याला तुमच्या दातांना काय होतं?"

"ड्यूटीपायी दोन चांगले दात काढून दिलेत मी," तो म्हणाला आणि तोंड उघडून दाखवलंही. एरवी मी अशा त्यागाला मान देते, पण दुपारच्या जेवणाआधी नाही.

"आणि कुलूपवाल्याचं काय करतात?"

"त्याचं पहिल्याच आठवड्यात कवळीचं माप घेतलं. तेव्हापासून कुणी विचारलं तर काम चालू आहे." तो स्वतःच हसला. मग गंभीर झाला. "डॉक्टर फुटायचा नाही. त्याला मी नियम पाठ करून घेतलेत. दवाखान्याबाहेर पेशंटला भेटायचं नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही, कुठेही नाव नाही."

"मग राहिले मोठे साहेब."

फौजदाराने आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "त्यांचं काहीतरी बिनसलंय, मॅडम. दोन दिवस झाले, कुणाशी बोलत नाहीत. तोंडाला रुमाल लावून बसतात. विचारलं तर कागदावर लिहून देतात."

माझ्या पर्समध्ये पिशवी होती आणि पिशवीत बिनमालकाचे दात.

३

मोठ्या साहेबांनी माझ्या तीन प्रश्नांना तीन चिठ्ठ्या लिहिल्या. पहिलीवर 'नाही', दुसरीवर 'नाही', तिसरीवर 'तुम्ही जाऊ शकता'.

"साहेब," मी म्हणाले, "एका माणसाचं घरदार संध्याकाळी टेम्पोत चढणार आहे. रुमाल काढा."

साहेबांनी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि रुमाल काढला. आत एकही दात नव्हता.

मी पिशवी टेबलावर ठेवून उघडली. साहेब आधी पांढरे पडले, मग लाल झाले. "हे माझे नव्हेत," ते म्हणाले. शब्द नीट उमटत नव्हते, पण राग चोख उमटला. त्यांची कवळी परवा मटणाच्या हाडावर तुटली होती आणि दुरुस्तीला गेली होती, त्याच डॉक्टरकडे. साहेबांना कवळी आहे हे त्यांच्या व्याह्यांनाही ठाऊक नव्हतं. आमच्या खात्यातलं सगळ्यात नीट जपलेलं गुपित खबऱ्यांचं नव्हतं, साहेबांच्या तोंडाचं होतं.

"घालून दाखवा," मी म्हणाले.

"काय?"

"बसली तर तुमची, नाही बसली तर सुटलात. गरम पाण्याने धुते हवं तर."

तार सोडवताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. तारेची दोन्ही टोकं आतल्या बाजूला वळवून दाबून टाकली होती, बोटाला टोचू नयेत म्हणून. धमकी देणारा इतका हळवा असतो का? दातही कोरे करकरीत, कुठे चहाचा डाग नाही की सुपारीचा. ज्याला माणूस घाबरवायचाय तो नवी कवळी कशाला बनवून घेईल? भंगारात जुनी मिळेल की.

साहेबांनी डोळे मिटले आणि वरची कवळी तोंडात कोंबली. ती अर्ध्यावरच अडकली. साहेबांचा जबडा रुंद, ही अरुंद. ओठ मिटेनात, त्यामुळे नोकरीत पहिल्यांदाच साहेब माझ्याकडे बघून हसल्यासारखे दिसले. नेमका तेव्हा शिपाई चहा घेऊन आला. त्याने साहेबांचं ते हसू पाहिलं, ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि उलट्या पावली निघून गेला.

साहेब सुटले. उरला डॉक्टर.

४

दवाखाना स्वच्छ होता, फारच स्वच्छ. बाकांवर कुणी नव्हतं. मासिकांच्या गठ्ठ्याला दोरी तशीच बांधलेली. डॉक्टर स्वतःच खुर्चीचा पाय पुसत होता.

"कुलूपवाला तुमचा पेशंट ना?" मी विचारलं.

"कोण कुलूपवाला?"

"मिशावाला. दात नसलेला."

"दात नसलेले पुष्कळ असतात. त्यांच्यावरच आमचं पोट."

"मी पोलीस आहे, डॉक्टर."

"मग तर मी त्याला मुळीच ओळखत नाही."

मी ओळखपत्र काढलं. त्याने ते उजेडात धरून पाहिलं आणि परत दिलं. "खोटंही असू शकतं." फौजदाराला फोन लावून कानाला दिला, तर म्हणाला, "आवाज काढता येतात." असा चिवट माणूस मी गुन्हेगारांतही पाहिला नव्हता. शेवटी मी पिशवी उघडली.

त्याने झटकन ती कवळी हातात घेतली. वरच्या कडेवर साहेबांच्या जबड्याने एक ओरखडा पडला होता. तो बघून त्याचा चेहरा असा पडला की नव्या भांड्याला पहिल्याच दिवशी पोचा आलेला पाहून गृहिणीचाही पडत नसेल. त्याने ती रुमालाने पुसली, ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि मला परत दिली.

"मी ही कधी पाहिलेली नाही," तो म्हणाला.

"पेशंट कमी दिसतात."

"लोकांचं काय," तो खिडकीकडे बघत म्हणाला, "लोक बाजारातल्या बाता ऐकतात."

जिना उतरताना मला एवढं कळलं होतं की हा खोटं बोलतोय. का, ते कळत नव्हतं. त्याने नाव विकलं असेल तर त्या नावाला गिऱ्हाईक एकच होतं.

५

भंगारवाल्या शेठच्या वखारीत मी जुनं लोखंडी गेट घ्यायला आलेली बाई म्हणून गेले. शेठ पंख्याखाली बसून अक्रोड फोडत होता. अडकित्त्याने नव्हे, दाढेने.

गेटाचं बोलणं झाल्यावर मी सहज म्हणाले, "कुलूपही लागेल. पण तुमच्या इथला कुलूपवाला आज बंद दिसतोय."

"गेला असेल दातांच्या डॉक्टरकडे," शेठ म्हणाला आणि त्याची माणसं हसली. म्हणजे हा जुना विनोद होता. "वर्षभर जातोय बिचारा, आणि तोंडात बघाल तर आ वासलेली पिशवी! मी तर येईल त्याला सांगतो, बाबांनो, दात दुखला तर दोरीने ओढून काढा, पण त्या डॉक्टरकडे जाऊ नका. त्याची करामत बघायची तर आमचा कुलूपवाला बघा."

मीही हसले. शेठ मात्र हसायचा थांबला. हातातला अक्रोड त्याने खाली ठेवला.

"पण ताई, तुम्ही शहाण्या दिसता म्हणून विचारतो. माणूस वर्षभर डॉक्टरकडे जातो. दात काही येत नाहीत. तरी जातोच. मग तो तिथे जाऊन करतो काय?"

मी शेजारच्या गेटाचा गंज नखाने खरवडू लागले.

"उद्या सकाळी मीच जाऊन बसणार आहे तिथे," शेठ म्हणाला. "बघू तरी."

त्यानंतर मी त्याला गेटाचं काय माप सांगितलं, देव जाणे. बहुतेक हत्ती आत जाईल असं सांगितलं असावं.

पण रस्त्यावर आले आणि डोकं चालायला लागलं. शेठने दात टांगले असते तर त्याला आधीच सगळं ठाऊक असतं. ज्याला ठाऊक आहे तो 'करतो काय' असं विचारत नाही. म्हणजे नाव फुटलेलंच नव्हतं, निदान आजपर्यंत तरी. आणि ते फुटणार होतं ते कुणाच्या तोंडातून नव्हे, तर कुलूपवाल्याच्या रिकाम्या तोंडामुळे.

मी कोपऱ्यापलीकडे लावलेली जीप वळवली आणि डॉक्टरला आहे तसा, हातातल्या फडक्यासकट, उचलला.

६

ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात टेम्पो लागला होता. गाठोडी चढली होती, कुकर अजून मांडीवरच होता. मी दार लावून घेतलं. आत कुलूपवाला, त्याची बायको, फौजदार, डॉक्टर आणि मी.

"हे घाला," मी कुलूपवाल्याला म्हणाले.

"मॅडम, ती धमकी आहे."

"धमकी धुऊन आणली आहे. घाला."

त्याने भीत भीत खालची घातली, मग वरची. मिशा हलल्या. कट्ट असा बारीक आवाज आला आणि ओठ मिटले.  बायको उठून उभी राहिली. तिच्यासमोर दहा वर्षांनी लहान नवरा बसला होता.

"जरा डाव्या बाजूने चावून बघा," डॉक्टर म्हणाला. "टोचतंय का?"

म्हणाला आणि त्याने स्वतःचंच तोंड दाबून धरलं.

"पेशंटला ओळखत नव्हता ना तुम्ही?" मी म्हणाले. "ऐका आता. ज्याला धमकी द्यायची तो तारेची टोकं वळवत बसत नाही. ज्याला घाबरवायचं तो नवी कोरी कवळी करत नाही, आणि केली तरी ती नेमकी याच तोंडात बसत नाही. याचं माप एकाच माणसाकडे होतं. त्याच्या दवाखान्यात माश्याही येत नाहीत, कारण शेठ गावभर सांगतोय की या डॉक्टरचा नमुना बघायचा तर कुलूपवाल्याच्या तोंडात बघा. आता तुम्ही बोला."

डॉक्टरचे डोळे भरून आले. "माझ्या हाताला नावं ठेवायची कुणाची हिंमत नव्हती हो! वर्षभर यांना तसंच परत पाठवतोय. तीनदा म्हटलं, बसवू दे. पण हा," त्याने फौजदाराकडे बोट केलं, "हा म्हणतो, दात बसले की उपचार संपले, उपचार संपले की भेटी संपल्या. शेवटी मी माझ्या खर्चाने केली. पण द्यायची कशी? बाहेर भेटायचं नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही, नाव नाही. मग टांगली. दातावर दात आपटून टवका उडू नये म्हणून मध्ये कापूस घातला. सुटून पडू नये म्हणून तार. कुत्र्याने नेऊ नये म्हणून उंच. एकही नियम मोडला नाही मी!"

खरंच मोडला नव्हता. आमचे नियम असे होते की ते तंतोतंत पाळून दिलेली भेटसुद्धा खुनाची धमकी वाटावी.

आता सगळे फौजदाराकडे बघू लागले. तो काही बोलणार तेवढ्यात कुलूपवाल्याची बायको पुढे झाली, कुकर काखेत मारून.

"वर्षभर!" ती म्हणाली. "वर्षभर दोन्ही वेळा मी यांना सगळं मऊ शिजवून, वाटून घालतेय. रोज विचारते, काय म्हणाला डॉक्टर? रोज म्हणतात, काम चालू आहे. मला वाटलं, असाध्य काहीतरी झालंय आणि माझ्यापासून लपवतायत. रात्र रात्र झोप नव्हती मला. आणि तुम्ही यांचे दात अडवून ठेवले होते? तुमच्या सोयीसाठी?"

"वहिनी, यांच्याच सुरक्षिततेसाठी..."

"मला वहिनी म्हणू नका!"

मी मध्ये पडले नाही. काही गोष्टी चौकशी समितीपेक्षा कुकरवाल्या बाईने सांगितलेल्याच बऱ्या. तिचं झाल्यावर मी एवढंच म्हणाले, "फौजदार, त्या दातांवरूनच शेठला संशय आला आहे. उद्या सकाळी तो दवाखान्यात येतोय. माणूस जपायचा म्हणजे त्याला आपल्या गरजेपुरता अर्धवट ठेवायचा नव्हे. तुम्ही त्याला वर्षभर जपलंत ते खाटकाने बोकड जपावा तसं."

मग मी कुलूपवाल्याकडे वळले. "टेम्पो परत पाठवू?"

त्याने जिभेने एकेक दात चाचपला. "पाठवा," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा शब्द स्वच्छ ऐकू आला. "पण मॅडम, माझं हे कामही आजपासून बंद. मी तिजोऱ्याही उघडणार नाही आणि तोंडही उघडणार नाही."

"पण मग शेठची खबर कोण देणार?" फौजदार कळवळून म्हणाला.

"तुम्ही शोधा," मी म्हणाले. "त्यासाठीच पगार मिळतो म्हणतात."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ दवाखान्यात पोचला तेव्हा कुलूपवाला खुर्चीत बसून डॉक्टरशी कडाकडा भांडत होता. वर्षभर ताटकळवलंत, माझ्या बायकोचे हाल केलेत, असा डॉक्टर मी जन्मात पाहिला नाही. त्याला नाटक शिकवावं लागेल अशी मला भीती होती, पण शिकवायला काही उरलंच नव्हतं. मनातलं बोलत होता, फक्त चुकीच्या माणसाला. डॉक्टरही खरोखरच दुखावला गेला आणि तावातावाने उत्तरं देऊ लागला. शेठने ओळखू नये म्हणून मी पदर पुढे ओढून बाहेरच्या बाकावर गाल धरून बसले होते.

शेठने कुलूपवाल्याची हनुवटी धरली आणि बाजारात बैलाचे दात बघतात तसं तोंडात वाकून पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"झाक बसलेत रे," तो म्हणाला. मग जरा थांबून डॉक्टरला म्हणाला, "माझी एक दाढ हलतेय अक्रोडाने. बघता का?"

डॉक्टरने बघितली. आपली बदनामी करणाऱ्या माणसाची दाढ त्याने जरा सावकाशच काढली, असं मला बाहेरून ऐकून वाटलं. त्यात पोलिसांचा काही संबंध नव्हता.

शेठ पुढे पकडला गेला, कुलूपवाल्याने आधीच सांगून ठेवलेल्या एका ट्रकमुळे. चौकीत त्याने ड्रायव्हरपासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. कुलूपवाल्याचं नाव त्याच्या डोक्यातही आलं नाही. फौजदाराची बदली मी वाहतूक शाखेत सुचवली. मोठ्या साहेबांनी लगेच सही केली. त्या दिवसापासून ते माझ्या कुठल्याही कागदावर लगेच सही करतात.

काही महिन्यांनी मी त्या गल्लीतून जात होते. जायचं नसतं, हे मला माहीत आहे. तरी गेले. पर्समधून कपाटाची किल्ली काढली आणि दुकानापुढे उभी राहिले. आत बायको स्टुलावर बसून कणसं भाजत होती, आणि तो एक कणीस कडेपासून कडेपर्यंत सरळ रांगेत खात आला होता. मला बघून त्याने हात पुसले.

"याची दुसरी करून हवी," मी म्हणाले.

त्याने किल्ली घेतली, खाच बघितली आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काही म्हणजे काही नव्हतं. ना ओळख, ना आभार. रस्त्यावरच्या कुठल्याही बाईकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, "तासाभराने या."

माझे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून मी घाईघाईने घासाघीस सुरू केली, आणि त्याने एक पैसाही कमी केला नाही.